कन्नड शिकायचंय? मग लहान पोरांच्या गोष्टी वाचा

बेंगळुरूला जॉब लागला की हिंदी-इंग्लिशवर निभावून जातं, म्हणून बरेच जण वर्षानुवर्षं तिथे राहूनही 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही, याच्या पुढे सरकत नाहीत. शिकायची इच्छा असेल तर क्रियापदांचे तक्ते घोकू नका राव, कंटाळून सोडून द्याल.

आधी लिपी. वर्णमाला आपलीच, क ख ग घ, फक्त ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, सुरुवातीला सगळे तिथेच अडखळतात. बसचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या वाचत राहा, डोळ्यात बसतं.

मग प्रथम बुक्स या प्रकाशनाची मुलांच्या गोष्टींची स्टोरीवीव्हर साइट उघडा. 2015 पासून आहे, फुकट आहे, भाषा कन्नड आणि लेव्हल 1, म्हणजे सगळ्यात सोपी, निवडा. एका पानावर एक चित्र आणि दोन-तीन ओळी. चित्रात आजी नातीशी बोलतेय आणि खाली 'अज्जी हेळिदळु' लिहिलंय, म्हणजे आजी म्हणाली, हे काय कोणी सांगायला लागतं का? पुढच्या गोष्टीत 'हेळिदनु' आलं की कळतं हा पुरुष बोलतोय, मग बंदळु-बंदनु (आली-आला), होदळु-होदनु (गेली-गेला) आपोआप लागतात, व्याकरणाचं पुस्तक न उघडता.

रोज एक-दोन गोष्टी, झोपायच्या आधी किंवा मेट्रोत. अडला शब्द तर पुढे जा, महत्त्वाचा असेल तर तो परत येणारच. पानापानाला गाडी अडत असेल तर ती गोष्ट सरळ सोडा, दुसरी घ्या, इथे कोणी परीक्षा घेत नाहीये. बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत, अगदीच काही कळेना तर आधी मराठीतून वाचा, पण ती सवय लावून घेऊ नका, नाहीतर कन्नड नुसतं बघाल, वाचणार नाही. आवडलेली गोष्ट आठवड्याने पुन्हा वाचा, मोठ्याने वाचलीत तर अजून छान. शब्दांची वही मात्र नको, दोन दिवसांत ती वहीच अभ्यास होऊन बसते.

लेव्हल 2 ला जायची घाई नको, लेव्हल 1 वाचताना मनात मराठी करायची गरज उरली नाही की जा.

एक लक्षात असू द्या, हे सगळं पुस्तकी कन्नड आहे. 'होगुत्तेने', म्हणजे मी जातो, छापलेलं असतं, रस्त्यावर ते 'होग्तीनी' होतं. रिक्षावाल्याला पुस्तकी बोललात तरी कळतं, फार तर हसेल, आणि मग तो कसं बोलतोय ते कान देऊन ऐका.