फॉलआउट (१९९७) पहिल्यांदा खेळताना: पाण्याची चिप हाती येईपर्यंत

इंटरप्लेचा 'फॉलआउट' १९९७ साली आला. अणुयुद्धानंतरचं दक्षिण कॅलिफोर्निया, जमिनीखालचं 'व्हॉल्ट १३' नावाचं आश्रयस्थान आणि त्यातली पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची बिघडलेली चिप. नवी चिप १५० दिवसांत शोधून आणायची. गेम कुठेच हात धरून शिकवत नाही, त्यामुळे बहुतेक जण पहिल्या दोन तासांत तीन-चार वेळा मरतात आणि सोडून देतात. मरण्याचं कारण साधारणपणे एकच असतं: ॲक्शन पॉइंटचा (लढाईत आपल्या प्रत्येक पाळीला चालणं, मारणं यांवर खर्चायला मिळणाऱ्या गुणांचा) हिशेब न करता खेळणं.

आधी गेम नीट चालू करून घ्या

गेम स्टीम आणि गॉग या दोन्ही ऑनलाइन दुकानांत मिळतो. मूळ चित्र ६४० बाय ४८० चं असल्यामुळे आजच्या स्क्रीनवर ते ताणलेलं दिसतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे 'फॉलआउट कम्युनिटी एडिशन' हे मोफत इंजिन. ते विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवरही चालतं, मात्र विकत घेतलेल्या गेममधल्या मास्टर डॅट आणि क्रिटर डॅट या दोन फाइली आणि डेटा फोल्डर त्याच्याशेजारी ठेवावे लागतात. लिनक्सवर गेम सुरूच होत नसेल तर फाइलींच्या नावांतली मोठी-छोटी इंग्रजी अक्षरं तपासा. दहापैकी नऊ वेळा घोळ तिथेच असतो. फोनवर एका बोटाचा टॅप म्हणजे डावं क्लिक आणि दोन बोटांचा म्हणजे उजवं.

गेम उघडल्यावर प्रेफरन्सेसमध्ये कॉम्बॅट स्पीड शेवटपर्यंत वाढवा. नाहीतर आठ उंदरांची पाळी संपेपर्यंत चहा करून येता येईल.

पात्र: तयार घेऊ नका, स्वतः बनवा

सुरुवातीला तीन तयार पात्रं समोर येतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. सात गुण आहेत: स्ट्रेंग्थ, परसेप्शन, एन्ड्युरन्स, करिश्मा, इंटेलिजन्स, ॲजिलिटी, लक. प्रत्येकात ५ गुण आधीच असतात आणि वर ५ वाटायला मिळतात. 'गिफ्टेड' हा ट्रेट (सुरुवातीलाच निवडायचं खास वैशिष्ट्य) घेतला की सातही गुण एकाने वाढतात. त्याची किंमत म्हणून सगळी कौशल्यं १० टक्क्यांनी घटतात आणि दर लेव्हलला ५ स्किल पॉइंट कमी मिळतात. तरीही घ्याच. कौशल्यं पुढे वाढवता येतात, मूळ गुण वाढवायच्या संधी फार थोड्या मिळतात.

गिफ्टेड घेऊन एकूण ४७ गुण होतात. पहिल्या खेळासाठी अशी वाटणी चालते: स्ट्रेंग्थ ५, परसेप्शन ७, एन्ड्युरन्स ५, करिश्मा ४, इंटेलिजन्स ८, ॲजिलिटी १०, लक ८. स्ट्रेंग्थ ५ अशासाठी की हंटिंग रायफलला तेवढी लागतेच. इंटेलिजन्स ४ च्या खाली नेऊ नका, नाहीतर तुमचं पात्र धड वाक्यच बोलू शकत नाही आणि कामं देणारे लोक हाकलून लावतात. (दुसऱ्यांदा खेळताना मुद्दाम तसं करून बघा, संवाद भन्नाट आहेत.)

ॲजिलिटी १० का? ॲक्शन पॉइंट म्हणजे ५ अधिक ॲजिलिटीचा निम्मा. ॲजिलिटी १० असली की १० पॉइंट मिळतात. दहा मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या एका गोळीला ५ लागतात, म्हणजे एका पाळीत दोन गोळ्या. ॲजिलिटी ८ ठेवली तर ९ पॉइंट, गोळी एकच आणि चार पॉइंट उरतात.

टॅग करायची (म्हणजे खास म्हणून निवडायची) तीन कौशल्यं: स्मॉल गन्स, स्पीच आणि लॉकपिक. टॅग केलेलं कौशल्य लगेच २० टक्क्यांनी वाढतं आणि पुढेही दुप्पट वेगाने चढतं. सायन्स, रिपेअर, फर्स्ट एड यांवर सुरुवातीला पॉइंट उधळू नका. त्यांची पुस्तकं पुढे हब या व्यापारी गावात विकत मिळतात. दुसरा ट्रेट रिकामा सोडला तरी चालेल. 'फास्ट शॉट' मोहात पाडतो, पण तो घेतला की नेम धरून मारताच येत नाही.

पहिली गुहा आणि लढाईचा हिशेब

व्हॉल्टच्या दाराशी एक प्रेत पडलंय, त्याच्या अंगावरचं सामान घ्या. पुढच्या उंदरांवर गोळ्या घालवू नका, सुरी पुरे. इथेच चार गोष्टी अंगवळणी पाडा. उजव्या क्लिकने कर्सरचा प्रकार बदलतो. 'ए' दाबलं की लढाई सुरू होते, 'एन'ने हत्याराची पद्धत बदलते, स्पेसबारने पाळी संपते.

आता समजा, रॅडस्कॉर्पियन (अवाढव्य विंचू) पाच षटकोनांवर (जमिनीवरच्या सहा बाजूंच्या घरांवर, एका घराला एक पॉइंट) उभा आहे आणि तुमच्याकडे १० पॉइंट आहेत. दोन साध्या गोळ्या झाडल्या तर हिशेब तिथेच संपला, आणि तो नांगी मारायला जवळ येणार. त्याऐवजी डोळ्यांवर नेम धरा. नेमाला एक पॉइंट जास्त, म्हणजे ६ जातात. उरलेल्या ४ मध्ये चार षटकोन मागे सरका. अंतर कापण्यातच त्याचे पॉइंट जातात, डंखाला कमी उरतात. फक्त डोळ्यांवर नेम धरला की लागण्याची शक्यता ६० टक्क्यांनी घटते, हे लक्षात ठेवा. सुरुवातीच्या कौशल्यावर हे दुरून जमत नाही. तेव्हा धडावर मारा आणि तरीही मागे सरकायला पॉइंट राखा. न वापरलेला प्रत्येक पॉइंट शत्रूच्या पाळीत तुमच्या आर्मर क्लासमध्ये (मार चुकवण्याच्या आकड्यात) एकाने भर घालतो, तो वाया जात नाही.

स्टिमपॅकचं (जखमा भरणाऱ्या इंजेक्शनचं) गणितही इथेच शिकून घ्या. एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात स्टिमपॅक ठेवा. हातातला स्टिमपॅक वापरायला २ पॉइंट लागतात. इन्व्हेंटरी उघडायला ४ लागतात, पण एकदा उघडली की आत कितीही स्टिमपॅक टोचा, बंदुकीत गोळ्या भरा, चिलखत बदला, वर काही लागत नाही. एकच टोचायचा असेल तर हातातला, तीन टोचायचे असतील तर इन्व्हेंटरी.

शेडी सँड्स आणि व्हॉल्ट १५

गुहेतून बाहेर पडून पूर्वेला निघालात की व्हॉल्ट १५ च्या वाटेवर शेडी सँड्स लागतं. गावात शिरताना हत्यार म्यान करा. उपसलेलं हत्यार दिसलं की लोक बिथरतात. इयान नावाचा बंदूकवाला इथेच भेटतो. १०० कॅप्स (गेममधलं चलन) द्या किंवा बोलून पटवा, पण सोबत घ्या. त्याला सबमशिनगन मात्र कधीही देऊ नका. बर्स्टच्या (एकदम झाडलेल्या अनेक गोळ्यांच्या) आड तुम्ही आलात तर तो तुमच्याच पाठीत गोळ्या घालतो. या गेममध्ये साथीदारांची लेव्हल वाढत नाही आणि त्यांना बाजूला ढकलायची सोयही नाही. अरुंद बोळात इयान मागे उभा राहिला तर तुम्ही अडकलात. म्हणून खोलीत शिरण्याआधी सेव्ह करा.

व्हॉल्ट १५ मध्ये चिप नाही. कंट्रोल रूम ढिगाऱ्याखाली गेली आहे. तरीही सामान आणि अनुभवासाठी एक फेरी परवडते. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे दोर न्या. एक शेडी सँड्समध्येच सापडतो, जवळ दोन असले तर बरं. इन्व्हेंटरीतून दोर निवडून लिफ्टच्या भोकावर वापरायचा. इथून हात हलवत परतणाऱ्यांची अडचण दोराचीच असते.

जंकटाउन, हब, नेक्रोपोलिस

दक्षिणेला जंकटाउन, त्याच्याही खाली हब आणि हबच्या पूर्वेला नेक्रोपोलिस. जंकटाउनमध्ये डॉगमीट हा कुत्रा मिळतो. त्याला काठीवरचा इग्वाना खायला द्या किंवा लेदर जॅकेट घालून समोर जा, तो मागे लागतो. गावप्रमुख किलियनच्या दुकानात त्याच्याशी बोलत थांबलात तर पुढचं काम आपोआप गळ्यात पडतं.

हबला पाण्याचे व्यापारी व्हॉल्टला पाणी पाठवतात आणि १०० दिवस वाढवून देतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हा मोह होतोच, पण त्याची गरज नाही. सरळ वाटेने गेलात तर दिवस उरतात. शिवाय जुन्या, पॅच न केलेल्या आवृत्तीत या पाण्याच्या बदल्यात म्युटंटना (गेममधल्या राक्षसी शत्रूंना) व्हॉल्टचा पत्ता लवकर लागतो.

चिप नेक्रोपोलिसखालच्या व्हॉल्ट १२ मध्ये आहे, पण तिथे घाई करू नका. मॅनहोलमधून गटारात उतरा, तिथे पंपाचे सुटे भाग मिळतात. ते घेऊन पाण्याच्या इमारतीत जा आणि पंपावर रिपेअर वापरा. रिपेअर कमी पडत असेल तर हबमधून आणलेली इलेक्ट्रॉनिक्सची पुस्तकं आता वाचा. वाचायला काही तास जातात, बाकी नुकसान नाही. पंप दुरुस्त करूनच खालच्या व्हॉल्ट १२ मधून चिप काढा. उलट्या क्रमाने केलंत तर वरचे घूल (किरणोत्साराने विद्रूप झालेली माणसं) तहानेने मरतात, आणि शेवटी गेम ते तुम्हाला दाखवतो.

सेव्हचे दहा खण आहेत, दहाही वापरा. एफ६ने झटपट सेव्ह होतं, पण लढाईच्या मध्यात, मरणाच्या दारात केलेला एकुलता एक सेव्ह म्हणजे नव्याने सुरुवात. गावात शिरण्याआधी एक आणि मोठ्या लढाईआधी एक, असे वेगळे खण ठेवा.

चिप दिल्यानंतर

चिप ओव्हरसियरला (व्हॉल्ट १३ च्या प्रमुखाला) दिली की १५० दिवसांचं घड्याळ थांबतं आणि म्युटंटांचं मोठं काम सुरू होतं. त्याआधी ब्रदरहूडच्या (जुनं तंत्रज्ञान जपणाऱ्या लष्करी संघटनेच्या) बंकरवर जा. प्रवेशाची अट म्हणून ते दूर दक्षिणेच्या 'ग्लो' या किरणोत्सारी खड्ड्यात पाठवतात. नकाशावर ग्लोच्या अलीकडे थांबा, दोन रॅड-एक्स (किरणोत्सारापासून वाचवणाऱ्या गोळ्या) घ्या, मगच आत शिरा. खाली उतरायला इथेही दोर लागतो. विसरलात तर अख्खा प्रवास पुन्हा. पहिल्या मजल्यावर ब्रदरहूडच्या मृत सैनिकाजवळ हवी ती डिस्क आहे. खालच्या मजल्यांवरची वीज चालू केली की निपचित पडलेले रोबोट उठतात, तेव्हा डिस्कपुरतं काम असेल तर विजेला हातच लावू नका.