जुनी इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत फ्लोरिडात नाहीतर जॉर्जियात घर घेतलं की कधी ना कधी गोल्फ कार्टचा विषय निघतोच, जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत तर कार्टसाठी शंभरेक मैलांचे वेगळे रस्ते आहेत. नव्या कार्टची किंमत बघून आपले लोक जुनीकडे वळतात, ते बरोबरच आहे, पण बघायला जाऊन बघतात काय तर रंग, सीट आणि चकचकीत व्हील्स. अहो, आधी सीट उचला आणि बॅटऱ्या बघा! जुन्या कार्टची खरी किंमत तिथेच ठरते, बाकी सगळं नंतर करता येतं.

बॅटरीवर ती कधीची आहे त्याचा कोड असतो. ट्रोजन कंपनीची असेल तर निगेटिव्ह टर्मिनलवर एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला दिसेल, अक्षर म्हणजे महिना (ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं पुढे) आणि आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, म्हणजे 'डी २' दिसलं की एप्रिल २०२२. सगळ्या बॅटऱ्यांचा कोड जवळपास एकच हवा. पाच जुन्या आणि एकच नवी दिसली तर एक मेली म्हणून बदललीये, बाकीच्या पाचही आता फार दिवस काढणार नाहीत असं समजा, आणि नवी पण जुन्यांच्या नादाने लवकर खराब होते. लेड-अ‍ॅसिड म्हणजे शिसं-आम्लाच्या या नेहमीच्या बॅटऱ्यांचं आयुष्य नीट पाणी घातलं तर साधारण पाच-सहा वर्षं, त्यामुळे चार वर्षं झालेल्या असतील तर नव्या सेटचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला.

दुसरी चूक म्हणजे चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या कार्टचं व्होल्टेज बघून खूश होणं. तेव्हा ते फुगलेलंच असतं. ४८ व्होल्टची कार्ट, म्हणजे ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, फुल चार्ज होऊन काही तास उभी राहिली की ५०.९ च्या आसपास दाखवते. खरी परीक्षा लोडवर होते, दोघं बसा, चढावर अर्धा तास दामटा आणि थांबल्या थांबल्या एकेक बॅटरी मीटरने मोजा. एखादी बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली असेल तर ती गेलेली आहे. तेव्हाच केबलच्या टोकांना हात लावून बघा (धातूचं काही हातात नको, अंगठी पण काढून ठेवा), एखादं टोक गरम लागलं तर तिथलं कनेक्शन सैल किंवा गंजलेलं आहे.

'२०१८ मॉडेल' म्हणतात तेव्हा सिरीयल नंबर बघा. नवीन बॉडी किट चढवलेली जुनी कार्ट सर्रास विकली जाते. क्लब कार कंपनीच्या कार्टच्या नंबरात अक्षरांनंतरचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष, ०६ असेल तर गाडी २००६ ची, मग वरचा पत्रा कितीही नवा असू दे.

आता अपग्रेड. लिथियम बॅटरी टाकणं चांगलंच, लेड-अ‍ॅसिडच्या सहा बॅटऱ्यांचं वजन दीड-पावणेदोनशे किलो भरतं ते एकदम उतरतं आणि पाणी घालायची कटकट जाते. पण जुनाच चार्जर वापरू नका, लिथियमचा वेगळाच घ्या. आणि लिथियम पॅकचा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) किती अँपिअर देतो ते कंट्रोलरशी, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या भागाशी, जुळवा, नाहीतर चढावर पूर्ण दाबलं की बीएमएस करंट तोडतो आणि कार्ट मधेच बंद पडते, लोक मग उगाच मोटरला दोष देतात. जुन्या क्लब कारमधे चार्जिंग सांभाळणारा ऑनबोर्ड कॉम्प्युटर असतो, लिथियम टाकताना तो बायपास करावा लागतो, हे विकणारा सांगेलच असं नाही. थंडीत शून्य अंश सेल्सियसच्या खाली लिथियम चार्ज करायची नाही.

स्पीड वाढवायची हौस सगळ्यांनाच असते, त्याबद्दल मात्र मी कळकळीने सांगतोय. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) आणि मोठे टायर टाकले की गाडी उंच होते, वळणावर कलंडायची भीती वाढते, थांबायला जास्त अंतर लागतं आणि बॅटरीही लवकर उतरते. शिवाय फ्लोरिडात ताशी २० मैलांच्या वर धावू शकणारी गाडी गोल्फ कार्ट राहतच नाही, ती लो-स्पीड व्हेइकल होते, मग सीटबेल्ट, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स सगळं लागतं. मुलांच्या हातात देताना पण बघा, १ जुलै २०२३ पासून तिथे सार्वजनिक रस्त्यावर कार्ट चालवायला १५ वर्षांच्या मुलाला लर्नर परमिट आणि १६-१७ च्यांना परमिट नाहीतर लायसन्स हवंच.

घरी आणल्यावर चालेनाशी झाली तर लगेच मेकॅनिक नको. पेडल दाबल्यावर 'टक' आवाज येतोय का ऐका. येत नसेल तर सीटखालचा रन-टो स्विच ('रन' चालवायला, 'टो' ओढून न्यायला) 'टो'वर राहिलाय का बघा, मग किल्लीचा स्विच, मग पेडलचा मायक्रोस्विच (पेडल दाबलं की लागणारा छोटा स्विच). टक येतोय पण गाडी हलत नाही तर सॉलेनॉइडचे (मोटरकडे करंट सोडणारा, टक वाजणारा मोठा स्विच) कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात, पण त्याआधी बॅटरीच्या केबल घट्ट आहेत ना ते बघा. आणि हिवाळाभर पडून राहिलेली कार्ट चार्जच घेत नसेल तर बहुतेक वेळा चार्जर चांगला असतो, बॅटऱ्यांचा सेटच इतका उतरलेला असतो की चार्जरला बॅटरी आहे हेच कळत नाही. मग एकेक बॅटरी वेगळी चार्ज करून थोडी वर आणावी लागते, पण ८ व्होल्टच्या बॅटरीला गाडीचा १२ व्होल्टचा चार्जर लावू नका.