थंडीत खाद्य किती टाकायचं, ते माशाच्या आतड्याला विचारा

सकाळी नेहमीसारखं खाद्य टाकलं आणि दोन तासांनी चेक ट्रे, म्हणजे खाद्य उरलं का ते बघायला तळ्यात सोडलेलं ताट, वर ओढला, तर निम्म्या गोळ्या फुगून तशाच पडलेल्या. थंडी सुरू झाली की हे हमखास दिसतं. मासे आजारी पडले असं समजून लगेच औषधाच्या मागे लागू नका. आधी पाण्यात थर्मामीटर सोडा.

माशाला अंगची ऊब नसते. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं आतडंही गार. प्रथिनं तोडणारी ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही विकरं, म्हणजे पाचक एंझाइम, तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण निम्म्या वेगाने काम करतात. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या कार्प माशांना तर जठरच नसतं. आम्ल नाही, पेप्सिन हे जठरातलं विकर नाही; प्रथिनांचा सगळा भार या आतड्यातल्या विकरांवर. तिलापिया आणि मागूर यांना जठर असतं, पण गारठ्यापुढे तेही मंदावतं.

न पचलेलं प्रथिन पाण्यातच उतरतं. 30 टक्के प्रथिनाच्या 1 किलो खाद्यात सुमारे 48 ग्रॅम नत्र असतं. खाद्य वाया गेलं की त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया जिरवणारे जिवाणूही थंडीत सुस्तावलेले असतात. पैसे खाद्याचे गेले ते गेलेच, वर पाणीही बिघडलं.

म्हणून पहाटे एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा, हातभर खोलीवर तापमान मोजून वहीत लिहा. पाणी 20 अंशांखाली उतरू लागलं की कार्प माशांचं खाद्य निम्म्यावर आणा, 15 च्या आसपास गेलं की बंद करा. तिलापियाचं 17 अंशांनाच थांबवा. काही दिवस उपाशी राहिल्याने मोठा मासा मरत नाही, ही भीती मनातून काढून टाका. खाद्य पहाटे टाकूच नका. ऊन चढून पाणी तापलं की एकदाच टाका आणि ट्रे बघूनच पुढचं ठरवा.

घरी खाद्य बनवणाऱ्यांनी सोयाबीनकडे जास्त लक्ष द्यावं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला बांधून ठेवणारा घटक असतो. ज्या माशाचा सगळा भरवसाच ट्रिप्सिनवर, त्याला थंडीत कच्चं सोयाबीन देणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दाणे रात्रभर भिजवून अर्धा तास चांगले उकळा, मगच वाळवून दळा. भाजत असाल तर काळे पडू देऊ नका. करपलेल्या दाण्यातलं लायसिन, म्हणजे प्रथिनातला एक गरजेचा घटक, माशाला मिळत नाही.

पचनासाठी खाद्यात मिसळायची एंझाइमची पावडर घेण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: विकर म्हणजेही प्रथिनच, जास्त उष्णतेने ते निकामी होतं. गरम वाफेवर गोळ्या पाडण्याआधी मिसळलेली पावडर बरीचशी वाया जाते. द्यायचीच असेल तर गार झालेल्या गोळ्यांवर तेलातून चोळून द्या. माझं मत विचाराल तर आधी सोयाबीन नीट शिजवा आणि खाद्याची वेळ बदला. पावडरीचा विचार त्यानंतर.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. मासा मेला तरी त्याच्या पोटातली विकरं थांबत नाहीत, ती त्याचंच मांस पचवू लागतात. भरल्या पोटी पकडलेल्या माशाचं पोट आधी मऊ पडतं, मग फुटतं. कोळंबीत ही विकरं डोक्यातल्या यकृतग्रंथीत असतात. म्हणून डोक्याला लागून असलेलं मांस सगळ्यात आधी पिठूळ होतं. जाळ्यातून काढल्याबरोबर कोळंबी बर्फाच्या पाण्यात बुडवा. डोकी काढायची असतील तर लगेच काढा, आणि काढलेला माल पुन्हा स्वच्छ गार पाण्यात धुऊनच बर्फात भरा.