गल्ल्याआधी वही

पोरांना पैशाची अक्कल यावी म्हणून मातीचा गल्ला आणून द्या, असं सगळेच सांगतात. आमच्या घरातला गल्ला दरवर्षी फुटायचा. ऊसतोडीला न्यायला कारखान्याची गाडी यायच्या आदल्या रात्री आई तो चुलीपाशी फोडायची आणि त्यातून वाटेचं मीठ-मिरची यायचं.

आम्ही बीडकडचे. आई-आण्णांनी अठरा हंगाम ऊस तोडला. मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत आण्णांचा अंगठा असायचा, पण अंगठ्यासमोरचा आकडा त्यांना वाचता यायचा नाही. उन्हाळ्यात परत आलो की "यंदा वीस हजार अंगावर राहिले" एवढंच कानावर पडायचं. ते कसे राहिले, हे घरात कुणी विचारायचं नाही. मी आता बचत गटाचे हिशेब लिहिते. घरात सहावीतली पोरगी आणि चौथीतला पोरगा आहे. त्यांना शिकवायला मी वहीपासून सुरुवात केली.

दहा-वीस रुपयांची वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने पाडा: आले, गेले, देणं. लिहायचं काम पोरांकडे द्या, आपण फक्त सांगायचं. तिसरा रकाना विसरू नका, खरी शिकवण त्यातच आहे. उचल (कामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे), गटाचं कर्ज, दुकानाची उधारी, हातउसने हे सगळं 'देणं' मध्ये जातं, 'आले' मध्ये नाही. आमच्याकडे उचल आली की मटण शिजायचं, आईला लुगडं यायचं. आम्हा पोरांना वाटायचं, आण्णांचा पगार झाला.

मग उचलीचं गणित घाला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं, दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये. उचल ८० हजार. किती दिवसांत फिटेल? पोरीनं भागाकार केला, ११० दिवस आले. मी म्हटलं, आता आठवड्याला हजाराची खर्ची धर, म्हणजे तोडीवर असताना खाण्यापिण्याला घेतलेले पैसे. सोळा आठवड्यांचे सोळा हजार, म्हणजे आणखी २२ दिवस. ती पेन्सिल चावत बसली आणि म्हणाली, "मम्मी, त्या बावीस दिवसांत पण खर्ची लागेलच ना!" मी गप्प बसले. आजारपणाचा खाडा आणि त्याची कपात अजून धरलीच नव्हती. तुमच्या घरी ऊस नसेल तर वीटभट्टीची उचल घ्या, नाहीतर मोबाइलचा हप्ता घ्या. आकडे मात्र तुमच्या घरचेच हवेत.

व्याज शिकवायला चिंचोके काढा. शंभर चिंचोक्यांचा ढीग करा. सावकाराचं शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच चिंचोके. बारा महिने मोजून बाजूला ठेवायला लावा, साठ होतात. पोस्टाच्या बचत खात्यावर शंभराला वर्षाचे चार मिळतात. ते चार त्या साठांशेजारी ठेवा आणि काही बोलू नका. माझ्या पोराला टक्केवारी अजून शिकवलेली नाही, पण "पाच टक्के" म्हटलं की तो लगेच विचारतो, महिन्याचे का वर्षाचे? गटातल्या निम्म्या बायांना हे सुचत नाही.

बाजाराच्या दिवशी शंभराची नोट आणि यादी पोराच्या हातात द्या. उरतील ते त्याचे. आमच्या पठ्ठ्यानं पैसे उरवायच्या नादात मऊ टमाटे आणले. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटलं. रागवले नाही, दोन दिवस सगळ्यांनी टमाट्याची चटणी खाल्ली. आता तो टमाटा दाबून बघतो.

खात्याचं थोडक्यात सांगते. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं. रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे, किती रकमेपर्यंत ते बँक ठरवते. पोस्टातही चालतं, तिथं ५०० रुपयांनी खातं निघतं. आम्हाला एका ठिकाणी "वडिलांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी झालं. स्लिप पोरीलाच भरू द्या, रांगेत वेळ लागला तर लागू द्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करायचा नाही आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे त्याच दिवशी सांगून टाका.

एक काळजी घ्या. हिशेब दिवसा करा, रात्री झोपताना नको. देण्याचा आकडा घेऊन पोरगं अंथरुणात जागं राहिलं, तर ते उद्या वहीला हात लावणार नाही.

आणि पोरांचे पैसे घ्यायची वेळ येतेच. येऊ दे, पण विचारून घ्या आणि वहीत लिहा. गॅस संपला तेव्हा मी पोरीकडून १४० रुपये घेतले. तिनं 'मम्मी – १४०' लिहून खाली माझी सही घेतली. सही करायच्या आधी मोठ्यानं वाचायला लावलं. महिना झाला, अजून शंभरच फिटलेत. परवा चिंचोक्यांचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली होती.