टर्मिनलमध्ये ओळी एकमेकींवर चढतायत? या चुका टाळा

महापेच्या रात्रपाळीत ही तक्रार ठरलेली: "विम अर्धीच स्क्रीन वापरतोय", नाहीतर "एचटॉपच्या ओळी एकमेकींवर चढल्यात". (विम म्हणजे टेक्स्ट एडिटर, एचटॉप म्हणजे चालू प्रोग्रामची यादी दाखवणारा प्रोग्राम.) मग कोणी फॉन्ट बदलतो, कोणी टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायची, खिडकी ओढून बघतो, कोणी सरळ पुन्हा लॉगिन करतो. त्याआधी 'एसटीटीवाय साइझ' (stty size) ही एक कमांड चालवा. समोरची खिडकी केवढी आहे यापेक्षा कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ती केवढी वाटते, हे कळायला हवं. उत्तरात आधी ओळी आणि मग कॉलम येतात: २४ ८०. एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रामला जिऑमेट्री, म्हणजे खिडकीचं माप, देताना मात्र उलटं, ८० बाय २४. निम्मे घोळ इथेच होतात. (हा ८०चा आकडा आयबीएमच्या १९२८च्या पंच कार्डापासून चालत आलाय. १९७८च्या व्हीटी-१०० या टर्मिनलनेही तोच ठेवला.)

सगळ्यात महागात पडलेली चूक माझी स्वतःचीच. एका सर्व्हरवर लॉगिन केलं की थेट मेन्यू उघडायचा. त्या स्क्रिप्टमध्ये मी ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर बसून 'कॉलम्स' (COLUMNS) १३२ आणि 'लाइन्स' (LINES) ४० असं एक्सपोर्ट करून, म्हणजे तिथून सुरू होणाऱ्या प्रोग्रामना कळेल असं, ठेवलं. असू दे, म्हणून. काही महिन्यांनी ठाण्याला घरी लॅपटॉपवरून लॉगिन केलं तर मेन्यूची उजवी बाजू गायब. खिडकी ओढली तरी मेन्यू ढिम्म. पुटी, म्हणजे ज्यातून मी सर्व्हरला जोडतो तो प्रोग्राम, त्याच्या सेटिंगमध्ये मी दोन तास घालवले. पुटी बिचारं खरं माप सांगत होतं, कर्नललाही ते पोचत होतं. पण एनकर्सेसवर (टर्मिनलमध्ये मेन्यू वगैरे काढून देणाऱ्या लायब्ररीवर) बनवलेले प्रोग्राम हे दोन व्हेरिएबल सापडले की कर्नलचं ऐकतच नाहीत. त्या दोन ओळी उडवल्या आणि काम झालं. ही मापं हाताने कधीच एक्सपोर्ट करू नका.

'एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १२०' (stty rows 40 cols 120) टाइप करून खिडकी मोठी होईल अशीही काहींची समजूत असते. तसं होत नाही. तुम्ही फक्त कर्नलला आकडा सांगता. खिडकी तेवढी नसेल तर गोंधळ वाढतोच.

टीमक्समध्ये (एकच टर्मिनल सेशन अनेकांना एकाच वेळी वापरू देणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्क्रीन कोपऱ्यात आक्रसली आणि बाकी जागेत ठिपकेच ठिपके दिसले, तर त्याच सेशनला अजून कोणीतरी चिकटलंय. आमच्याकडे तो सहकारी ऐरोलीहून लोकलमध्ये मोबाईलवरून जोडलेला निघाला! जुन्या टीमक्समध्ये सगळ्यात छोट्या स्क्रीनचं माप सगळ्यांना लागू होतं. नव्यात शेवटी वापरणाऱ्याचं. 'टीमक्स अटॅच'ला डॅश डी जोडा (tmux attach -d), म्हणजे बाकीचे सुटतील. आधी त्याला फोन करा, हे वेगळं सांगायला नको.

पुटीत खिडकी ओढल्यावर अक्षरंच मोठी होत असतील, तर विंडो सेटिंगमध्ये फॉन्टचा साइझ बदलण्याचा पर्याय निवडलेला असतो. तो बदलून ओळी आणि कॉलमचा करा.

राहिला सीरियल कन्सोल, म्हणजे सर्व्हरला थेट केबलने जोडलेलं टर्मिनल. सर्व्हरच्या रॅकसमोर उभं राहून केबल लावली की एसएसएचसारखं (नेटवर्कवरून लॉगिन करताना जातं तसं) माप आपोआप जात नाही, त्या तारेतून फक्त अक्षरं जातात. खिडकी कितीही ओढा, पलीकडे पत्ता नसतो. तिथे लॉगिन झाल्यावर 'रिसाइझ' (resize) ही कमांड चालवा. ती कर्सरला खाली उजव्या कोपऱ्यात ढकलते, तो कुठे अडला हे टर्मिनललाच विचारते आणि तेच माप लावते. ती कमांड त्या मशीनवर नसेल, तर मगाचं 'एसटीटीवाय रोज' इथे खरंच कामाला येतं. फक्त आकडे खिडकीचे खरे द्या, आणि नंतर खिडकी हलवली तर पुन्हा द्या.