लिनक्सवर गेम आणि डिझाइनचं काम करताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून धुळ्यातल्या माझ्या दुकानात ‘भाऊ, लिनक्स टाकून द्या’ म्हणत येणारे वाढले आहेत. मला याचा आनंदच आहे. धडधाकट लॅपटॉप केवळ विंडोज ११ घेत नाही म्हणून भंगारात गेलेला मला बघवत नाही. गेमचंही पूर्वीसारखं अवघड राहिलेलं नाही. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं, आणि विंडोजसाठी बनलेले किती तरी गेम लिनक्सवर नुसतं प्ले दाबून चालायला लागले. तरीही आठवड्याभरात मशीन परत येतात, आणि कारणं तीच ती असतात. लोक नवी सिस्टीम टाकतात, पण सवयी विंडोजच्याच ठेवतात.

गेम डी ड्राइव्हवरच ठेवणं

ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की सविस्तरच लिहितो.

मे महिन्यात शिरपूरकडचा इंजिनीअरिंगचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. ‘भाऊ, गेम चालूच व्हस नही.’ लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होते. डी ड्राइव्हवर दोनशे जीबीच्या वर गेम, आणि तेही गावात मोबाइलच्या डेटावर रोज थोडे थोडे करून उतरवलेले. लिनक्सच्या स्टीमला त्याने तोच फोल्डर दाखवला होता. प्ले दाबलं की दोन सेकंद बटणावर स्टॉप दिसायचं, आणि परत प्ले. एररसुद्धा येत नव्हती. मुलाने आठवड्यात उबुंटू, मिंट, फेडोरा असे लिनक्सचे तीन प्रकार टाकून पाहिले. तिन्ही वेळा डी ड्राइव्ह मात्र तोच. वडील मला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, ‘नवा लॅपटॉप घ्यावा लागंल का?’

नवं काहीच लागणार नव्हतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं, त्यावर काही लिहीत नाही. प्रोटॉनला तर प्रत्येक गेमसाठी कम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरात खोटा सी ड्राइव्ह उभा करायचा असतो. लिहिताच येत नसेल तर तो उभा राहणार कुठून? शिवाय त्या फोल्डरात सीच्या पुढे कोलन असलेली नावं असतात, आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. म्हणून फास्ट स्टार्टअप बंद केलं तरी एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या ड्राइव्हवर, चाललेला गेम पुढच्या आठवड्यात अडू शकतो.

व्हिडिओ बघून काही जण झोपलेल्या विंडोजची हायबरनेशन फाइल उडवतात आणि ड्राइव्ह जबरदस्तीने उघडतात. हे अजिबात करू नका. विंडोजमध्ये सेव्ह न झालेलं काम त्यात जातं, आणि ते गेलेलं मी बघितलं आहे.

माझी पद्धत अशी. आधी डी ड्राइव्हचा सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढतो. मग ड्राइव्ह लहान करून मोकळ्या जागेत ईएक्सटी-४ चं, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीचं, पार्टिशन करतो. स्टीममध्ये तिथे नवी लायब्ररी जोडतो, गेमचे फोल्डर तिच्या कॉमन फोल्डरात टाकतो आणि मग इन्स्टॉल दाबतो. स्टीम आधीच्या फाइली तपासतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं. ज्या गेमची लिनक्सची वेगळी आवृत्ती आहे त्याला इन्स्टॉलच्या आधीच गुणधर्मात जाऊन प्रोटॉन सक्तीचं करा, नाहीतर सगळं पुन्हा उतरतं. त्या मुलाचे गेम संध्याकाळी चालू झाले. वेळ गेला तो कॉपीला, आणि तिला वेळ लागतोच.

श्रीलिपीची सीडीआर फाइल थेट उघडणं

गेमइतकाच मनस्ताप बॅनर आणि पत्रिकांचा. श्रावणात कानबाईचे, मग गणपतीचे, मग लग्नसराईचे. इकडची जुनी डिझाइन बहुतेक कोरलड्रॉमध्ये श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टात केलेली असतात. लिनक्सवरचं डिझाइनचं मोफत इंकस्केप कोरलड्रॉची सीडीआर फाइल उघडतं खरं, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. लोक म्हणतात, लिनक्सला मराठी येत नाही. लिनक्सला मराठी उत्तम येतं. त्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

ज्याने मूळ काम केलं त्याच्याकडून अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे आकृत्यांत बदललेली, पीडीएफ मागवा. नवा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. मुक्ता, बलू, नोटो हे फॉन्ट मोफत आहेत, जोडाक्षरं नीट पडतात, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड उबुंटूत आधीपासून असतो.

आणि छपाईला देताना ऑब्जेक्ट टू पाथ (इंकस्केपमधलं कर्व्ह) करण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने चुलतभावाची पत्रिका इंकस्केपमध्ये फार सुंदर केली, सगळी अक्षरं पाथ केली आणि तीच फाइल सेव्ह केली. रात्री दहाला फोन आला: मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा नाही, १२ वाजून ५३ मिनिटांचा आहे. अक्षरं आता नुसत्या आकृत्या होत्या. ३ आणि ५ उचलून तिने एकमेकांच्या जागी ठेवले आणि वेळ मारून नेली, पण मामाच्या नावातली वेलांटी बदलायची होती ती तशी जुळेना. पूर्ण पान पुन्हा टाइप केलं, पहाटे दोनपर्यंत. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक फोल्डरात ‘मूळ’ आणि ‘छपाई’ अशा दोन फाइली असतात, आणि ‘मूळ’ला छपाईच्या दिवशी कोणी हात लावत नाही.

सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, लागणार असतील तर फोटोशॉपसारख्या मोफत गिंपच्या मागे लागू नका, क्रिटा किंवा स्क्रायबस घ्या. फोटोशॉपच चालवायचा हट्ट असेल तर खरं सांगतो, विंडोज ठेवा. क्रॅक केलेली फोटोशॉप वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) चालवून द्या म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. मार्च २०२५ मध्ये आलेलं गिंप ३.० आधी महिनाभर मन लावून वापरा, मग बोलू.

लग्नाचे व्हिडिओवाले दा विंची रिझॉल्व्हवर अडतात. त्याची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही, आणि कॅमेऱ्याच्या, मोबाइलच्या बहुतेक क्लिप त्याच प्रकारच्या असतात. एफएफएमपेग या मोफत साधनाने क्लिप डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या प्रकारात आणि आवाज पीसीएममध्ये बदलून घ्या, पण एचडीलाही तासाला पन्नासेक जीबी धरा. साधी जोडणी, गाणी, नावं एवढंच करायचं असेल तर केडेनलाइव्ह पुरे. ते मोबाइलच्या क्लिप सरळ घेतं.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर वेबसाइटवरून उतरवू नका. उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून घ्या, नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटला स्क्रीन काळी. सिक्युअर बूट चालू असेल तर रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून आधी दिलेला पासवर्ड टाकायचा असतो. घाईघाईत ‘कंटिन्यू’ दाबून पुढे जाणारे दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसलेले असतात.

एनव्हिडियाचं जीटी ७१० सारखं जुनं कार्ड असेल तर प्रोटॉन ७ निवडा. प्रोटॉन ८ पासून पुढे व्हल्कन १.३ (गेमने ग्राफिक्स कार्डाशी बोलायची पद्धत) लागतं आणि ते त्या कार्डात नाही.

उबुंटूतलं स्नॅप पॅकेजचं स्टीम काढा, डेब पॅकेजचं टाका.

व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. त्यांची अँटीचीट, म्हणजे फसवणूक पकडणारे प्रोग्रॅम, ते लिनक्सवर चालू देत नाहीत, आणि पळवाटा शोधाल तर खातं जाईल. बाकी गेम विकत घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का ते प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर पाहा.

गेम उघडताना स्टीममध्ये दिसणारी ‘व्हल्कन शेडर्स’ची पट्टी पूर्ण होऊ द्या. स्किप करून मग गेम अडखळतो म्हणू नका.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीच्या पार जातो. अशा दुपारी पत्र्याखाली लॅपटॉप गादीवर ठेवून खेळलात तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करणार. गेमवरच तापमान दाखवणारं मँगोहड लावून बघा, पंख्यातली धूळ काढा, मग प्रोटॉनला दोष द्या.

आणि गेम बिघडला की कम्पॅटडेटामधला त्याचा फोल्डर उडवा हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट आहे. क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमची प्रगती बहुतेक वेळा त्याच फोल्डरात, ड्राइव्ह-सी, युजर्स, स्टीमयुजर यांच्या आत असते. मी फोल्डर कधीच थेट उडवत नाही. त्याच्या नावापुढे ‘जुना’ लिहितो, गेम नव्याने उघडतो, सेव्ह परत आणतो आणि पहिली लढाई खेळून बघतो. ‘जुना’ काढतो तो दुसऱ्या दिवशी.