नाणं झिजलंय की मुळातच नीट उठलं नाही? ग्रेड ठरवताना या चुका टाळा

1926 सालचं, डेन्व्हर टाकसाळीचं बफेलो निकेल, म्हणजे एका बाजूला बायसन असलेलं अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, हातात घ्या. बायसनच्या डोक्यावरची लोकर सपाट, शिंगाचं टोक पुसट, आणि पालथं केलं तर मूळ अमेरिकन माणसाच्या वेणीच्या गाठीजवळच्या केसांच्या जागी गुळगुळीत उंचवटा. वाटतं, कित्येक वर्षं खिशाखिशांतून फिरलेलं नाणं आहे. पण एकाच दिव्याखाली ते हळूहळू कलवा. चकाकीचा पट्टा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कुठेही न तुटता सरकताना दिसला, तर ते नाणं वापरात आलेलंच नाही. टाकसाळीतून बाहेर पडतानाच ते असं होतं.

सुरुवातीची काही वर्षं मी अशी नाणी ‘झिजलेली’ म्हणून बाजूला काढत होतो. त्यातली काही चांगली नाणी माझ्या हातून गेली, म्हणून हे जरा तपशिलात लिहितो आहे.

विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये जुन्या अमेरिकन मोठ्या सेंटसाठी 1 ते 70 अशी श्रेणी मांडली. आज तीच सर्रास वापरली जाते. 60 आणि त्यापुढे न वापरलेली नाणी, 60 च्या खाली झीज. त्यामुळे एखादा तपशील दिसत नसेल तर तो कधी गेला, हे आधी ठरवावं लागतं. नक्षी उमटवणाऱ्या ठशातच (कोरलेल्या साच्यात) उरला नव्हता, नाणं पाडताना धातूत उतरला नाही, की नंतर हाताळून घासला गेला? यातल्या फक्त तिसऱ्या कारणाला झीज म्हणतात.

सपाट दिसलं की झीज समजणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग म्हणजे ठशातला सर्वांत खोल खड्डा. धातू तिथे सगळ्यात शेवटी पोचतो. दाब कमी पडला, किंवा ठसे लवकर खराब होऊ नयेत म्हणून दोन ठशांमधलं अंतर किंचित वाढवलेलं असलं, की तो खड्डा अर्धवटच भरतो.

त्यात दोन्ही बाजूंचे खोल भाग समोरासमोर आले तर धातू दोघांनाही पुरत नाही. मॉर्गन डॉलर या अमेरिकेच्या चांदीच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवतेच्या कानाच्या वरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती, असे पाठीला पाठ लावून आहेत. न्यू ऑर्लीन्स टाकसाळीच्या बऱ्याच मॉर्गनवर नेमक्या याच दोन जागा कच्च्या, म्हणजे नीट न उठलेल्या, असतात. पाचव्या जॉर्जच्या ब्रिटिश पेनीवर हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो. राजाच्या चेहऱ्याच्या चित्राने इतका धातू ओढून घेतला की मागे ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) बाजूला त्या डोक्याची पुसट सावली उमटायची. शेवटी 1926 च्या सुमारास त्या चित्रातच बदल करावा लागला. म्हणून सपाट भाग दिसला की आधी नाणं उलटा आणि बरोबर त्याच्या पाठीमागे काय आहे ते पाहा.

मग दहापट भिंग घ्या. कच्च्या छापाच्या जागी, ज्यावर नाणं पाडलं त्या कोऱ्या चकतीची मूळ कातडी शिल्लक असते. बारीक ओरखडे, खळगे, कशाही दिशेने गेलेले, आणि जिथे नक्षी सुरू होते तिथे ते एकदम थांबतात. ठशाच्या दाबाखाली ते चेपले गेलेच नाहीत, म्हणून टिकले. झिजलेली जागा याच्या उलट, मऊ आणि गुळगुळीत, आणि तिचा रंगही आजूबाजूपेक्षा वेगळा. चांदीवर करडी झाक, तांब्यावर मंद तपकिरी. शिवाय झीज एकट्या कानापुरती थांबत नाही, गालावर, पंखांवर, कडेवर, सगळ्या उंच जागी थोडीथोडी लागते. कानावरचे केस सपाट, पण गालावरची चकाकी अखंड असेल तर मी ती झीज मानत नाही.

कच्चा छाप आणि झिजलेला ठसा यांची गल्लत

दोन्हींत नाणं पुसट दिसतं, पण खुणा वेगळ्या. हजारो नाणी पाडून ठसा थकला की अक्षरांचे पाय कडेच्या दिशेने पसरतात, त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि मोकळ्या पृष्ठभागावर मधून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो. दाब पुरेसा असल्याने उंच भाग मात्र बऱ्यापैकी भरलेले असू शकतात.

या रेषाच प्रकाश फेकतात, त्यामुळे थकलेल्या ठशाचं नाणं अनेकदा जोरदार चमकतं. नुसत्या चमकेवर भाळून घेणारे इथेच फसतात. उलट काही जण तो खरबरीतपणा गंज समजून नाणं टाकून देतात. गंजाचे खड्डे कुठेही, कसेही पडलेले असतात. ठशाचा खरबरीतपणा कडेकडे रोख धरून असतो आणि चकाकी त्याच्यावरूनही सरकते.

1922 चा लिंकन सेंट यासाठी जरूर अभ्यासावा. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरला पाडले गेले, तरी काहींवर टाकसाळीचं ‘डी’ अक्षरच नाही. ठशांच्या ज्या जोडीला संग्राहक सर्वाधिक मान देतात तिच्यात पुढचा ठसा थकलेला आणि मागचा ताजा. त्यामुळे लिंकनचा चेहरा मऊ, आणि मागे गव्हाच्या लोंब्या स्वच्छ रेखीव. पुढची बाजू पाहून ग्रेड ठरवली तर न वापरलेलं नाणंही बरंच खाली ढकललं जातं. इथे मागची बाजू आणि चकाकी यांवरच भिस्त ठेवावी.

एखाददुसरं अक्षरच गायब असेल आणि शेजारची ठसठशीत असतील, तर बहुधा ठशात वंगण आणि धूळ साचली होती.

‘झीज नाही ना, मग छापाने काय बिघडतं?’

बिघडतं. कच्च्या छापामुळे नाणं वापरलेलं ठरत नाही, पण 66-67 च्या वर जायचं तर चांगला छाप अपेक्षित असतो. शिवाय काही नाण्यांना आकड्यापुढे वेगळा शेरा मिळतो. मर्क्युरी डाइमवर (दहा सेंटचं नाणं) ‘फुल बँड्स’, म्हणजे मागच्या काठ्यांच्या जुडीवरचे पट्टे पूर्ण सुटे, आणि फ्रँकलिन अर्ध्या डॉलरवर ‘फुल बेल लाइन्स’, म्हणजे घंटेवरच्या रेषा अखंड. 1945 चा फिलाडेल्फियाचा डाइम एरवी सहज मिळतो, पण पट्टे पूर्ण सुटलेला फार दुर्मीळ.

तुलना मात्र त्याच वर्षाच्या, त्याच टाकसाळीच्या नाण्याशी करा. 1921 चा पीस डॉलर इतक्या जास्त उठावाचा होता की मधले केस बहुतेक नाण्यांवर कच्चेच राहिले, आणि 1922 मध्ये उठाव कमी केला गेला. 1923 चं नाणं शेजारी ठेवून 1921 ला नावं ठेवणं हा त्या नाण्यावर अन्याय आहे.

वजन आणि फोटो

फार झिजलेलं वाटणारं नाणं काट्यावर ठेवा. मॉर्गनचं मूळ वजन 26.73 ग्रॅम. नक्षी अर्धी गेलेली दिसते आणि वजन पुरं भरतं, तर दोष छापाचा असण्याची शक्यता वाढते. हलकी झीज मात्र काट्यावर कळत नाही. फोटोवरून तर अजिबात ठरवू नका. स्थिर चित्रात चकाकी सरकत नाही, आणि विक्रेत्याकडून नाणं कलवतानाचा व्हिडिओ मागण्यात गैर काहीच नाही.

सर्वांत अवघड असतं ते 58 च्या आसपासचं नाणं, ज्याचा छापही कच्चा आहे आणि जे थोडंसं वापरलंही गेलंय. तिथे मी सपाट जागा आधी पूर्ण सोडून देतो. नीट उठलेल्या उंच जागा, गाल, पंखाचं टोक, कडेचे दात, एवढ्याच भिंगाखाली तपासतो आणि तिथे चकाकी तुटली आहे का, यावर ग्रेड ठरवतो.